साडूंचा डावा डोळा

जग घडवून झाल्यावर देवाने ते कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवं होतं. घाईत राहून गेलं असावं. म्हणून ते काम आमच्या साडूंनी अंगावर घेतलं. सुरुवात नाशिकपासून केली, आणि बारा वर्षं झाली तरी गडी अजून नाशिक जिल्हा ओलांडून पुढे गेलेला नाही. साडू हे नातंच मोठं विचित्र. भाऊ नाही, मित्र नाही, निवडलेला नाही आणि टाळताही येत नाही. दोन पुरुषांनी एकाच घरात जाऊन दोन वेगवेगळी धाडसं करावीत आणि त्यापायी आयुष्यभर एका पंगतीला बसावं, असं ते नातं. माझं धाडस धाकटं, त्यांचं थोरलं. ताई म्हणजे माझ्या हिची मोठी बहीण, आणि साडू म्हणजे ताईंचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात ते रंगखात्याचे सुपरवायझर होते. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या पंपांना राखाडी रंग दिला. एकच राखाडी, सकाळ-संध्याकाळ. "राव, राखाडीत सतरा प्रकार असतात हे मला बाराव्या वर्षी कळलं," असं ते सांगत, तेव्हा पहिल्या अकरा वर्षांबद्दल मला फार वाईट वाटे. निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. हे रस्त्यात उतरून तैलरंगांच्या ट्यूबा, टर्पेंटाइनची बाटली आणि एक घडीचं स्टूल घेऊन आले, आणि नारळ रिक्षातच विसरले.

चित्रकार म्हटलं की लोकांना सूर्यास्त आठवतो, बैलगाडी आठवते, डोक्यावर घागर घेतलेली बाई आठवते. साडूंच्या दुकानात हा माल नाही. "घागर नेणारी बाई मी नाशकात पाहिलेली नाही. पाण्याचा जार खांद्यावर नेणारा माणूस पाहिलाय," असं म्हणून त्यांनी जार काढला. चार महिने काढला. त्यांचा नियम एकच: जे नाही ते काढायचं नाही, जे आहे ते गाळायचं नाही. गोदाघाटाचं त्यांचं एक मोठं चित्र आहे. मागे देवळांचे कळस, मध्ये पाणी, पाण्यात कळसांच्या थरथरत्या सावल्या, आणि ऐन पुढे कचऱ्याची घंटागाडी. मी म्हटलं, "साडूभाऊ, ही कशाला?"

"उभी होती."

"अहो, पण पाच मिनिटांत निघून गेली असेल ना!"

"आपणही जाणारच आहोत, राव. म्हणून काढायचं नाही का?"

मी ती घंटागाडी पुन्हा एकदा नीट बघितली. साडूंशी बोलून परतताना माझं नेहमी असंच होतं. जाताना मी शहाणा असतो.

भद्रकालीच्या भाजीबाजारात ते एकदा वांग्यांच्या ढिगापुढे स्टूल टाकून बसले. एक डोळा मिटलेला, हात ताठ पुढे, हातात ब्रश उभा धरलेला, अंगठा त्यावर वर-खाली सरकतोय. हे मापं घेणं असतं, पण बघणाऱ्याला नेम धरल्यासारखं दिसतं. भाजीवालीने अर्धा तास सोसलं आणि मग ती कडाडली, "ओ काका, वांगी घ्यायची तं घ्या. एक डोळा मिटून काय बघताय? माझा नवरा तिकडं लसूण घेऊन बसेल हाय, बोलवू का?" साडूंनी दुसरा डोळा उघडायचीही तसदी घेतली नाही. "मावशी, जरा डावीकडे सरका. वांग्यावर तुमची सावली पडतेय." प्रकरण हातघाईवर यायच्या आत त्यांनी तो सगळा ढीगच विकत घेतला. कोणतं वांगं कुठे होतं याचा कागदावर नकाशा काढला, आणि घरी खिडकीपाशी तो ढीग जसाच्या तसा पुन्हा रचला. आता तैलरंग वाळायला आठवडे घेतो, आणि वांगं काही तेवढं थांबत नाही. दहाव्या दिवशी वांग्यांना सुरकुत्या पडल्या. दुसरा एखादा हळहळला असता. साडू म्हणाले, "आत्ता कुठे यांना स्वभाव यायला लागलाय," आणि केलेलं चित्र पुसून पहिल्यापासून सुरू झाले. त्या घरात पंधरा दिवस सहा किलो वांगी होती आणि ताटात रोज दुधी. चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यातली वांगी पेन्शनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसत होती. ते चित्र हिच्या भाचीला लग्नात आहेर म्हणून गेलं.

आहेर ही त्या चित्रांची ठरलेली वाट. लग्न, मुंज, वास्तुशांत, काहीही असो, साडू बगलेत चौकट घेऊन येतात. त्यामुळे आमच्या सासुरवाडीच्या गोतावळ्यात नाशकात असं एक घर नाही ज्याच्या दिवाणखान्यात साडूंनी तपासलेलं जग टांगलेलं नाही. काढून ठेवायची सोय नाही, कारण ते न सांगता येतात आणि चित्राला उजेड बरा मिळतोय ना ते बघून जातात. आमच्या सोफ्यावर चांदवडचे डोंगर आहेत. डोंगरांपुढे कांद्याच्या ट्रकांची रांग, आणि कोपऱ्यात पंक्चरवाल्याचं टायर. आकाश मात्र हळदीसारखं पिवळं. चित्र आणलं तेव्हा मी मनापासून "वा!" म्हणालो होतो. एखादी गोष्ट कळली नाही की "वा!" म्हणावं, ही आमच्या घराण्याची रीत आहे आणि तिने आम्हाला पुष्कळदा तारलंय. नंतरच्या वर्षांत साडूंची सगळीच चित्रं पिवळी होत गेली. गंगापूर धरणाचं पाणी वरणासारखं झालं. पांडवलेण्यांना कावीळ झाली. आम्ही सगळे "वा! वा!" म्हणत राहिलो.

मग साडूंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

आठव्या दिवशी काळा चष्मा लावून ते आमच्याकडे आले. सोफ्यासमोर उभे राहिले आणि चष्मा काढला. मी चहा सांगायला आत वळलो, तो मागून अशी किंकाळी आली की मला वाटलं टाके तुटले.

"राव! हे आकाश कुणी केलं?"

"तुम्हीच."

"मी? हळदीचं?"

"आम्हाला वाटलं संध्याकाळ आहे."

"संध्याकाळ? अहो, दुपारचे बारा वाजलेत त्यात! ट्रकांच्या सावल्या बघा, चाकाखाली आहेत! मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"वा म्हणालो होतो ना."

ते मटकन सोफ्यावर बसले. दुसऱ्या दिवसापासून खांद्याला झोळी लावून ते घरोघर निघाले. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस येतो ना, तसे. बेल वाजायची, दारात साडू, "आकाश बघायला आलोय." इंदिरानगरला एक ढग, पंचवटीत नदी, कॉलेज रोडला अख्खा पावसाळा, अशी कामं त्यांनी पंधरा दिवसांत उरकली. हिच्या मावशीकडे तर ते जेवणाच्या टेबलावर चढून ढग पांढरे करत होते आणि खाली माणसं पोळीचा तुकडा मोडून आधी वर बघत होती. आमचं आकाश त्यांनी उजवीकडून धरलं. निम्म्यापर्यंत झकास निळं झालं. मग सहज तपासायला म्हणून त्यांनी नवा डोळा मिटला आणि जुन्या डाव्याने पाहिलं. ब्रश हवेत थांबला.

"राव, हे चुकलं."

"कोणतं?"

"आत्ताचं. पहिलं बरोबर होतं." मग डावा मिटला. "नाही, पहिलंच चुकलं होतं." मग उजवा मिटला. तीन वेळा चहा गार झाला. शेवटी ब्रश पुसून ते निघून गेले, आणि तेव्हापासून आमचे चांदवडचे डोंगर अर्धे दुपारी आणि अर्धे हळदीत उभे आहेत.

यात माझ्याही डोक्याचा भुगा झाला. मी असा विचार केला की मोतीबिंदूने पिवळ्या झालेल्या ज्या डोळ्याने ते आकाश बघत होते, त्याच पिवळ्या डोळ्याने ते चित्रही बघत होते. म्हणजे आकाश पिवळं दिसलं तर निळा रंगही पिवळाच दिसणार, आणि निळ्याला निळा बरोबर जुळणार. मग चित्र पिवळं झालं कसं? आणि ते पिवळं झालं नसेल, तर आम्हाला इतकी वर्षं काय दिसत होतं? मी हे कागदावर मांडलं, बाण काढले, आणि शेवटी साडूंच्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही पेशंट आहात का?" मी नाही म्हटलं. "मग बाहेर बसा." तोच कागद मी साडूंना दाखवला, तर त्यांनी दोन दिवस ब्रशला हात लावला नाही आणि ताईंनी मला दोन दिवस घरी येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढचे सहा महिने साडू रस्त्याने एकेक डोळा मिटत चालायचे. एका डोळ्यात नवं नाशिक, एका डोळ्यात जुनं, आणि पाय कोणत्या नाशकात टाकायचा हे ठरेना. कॉलनीतल्या बायका त्यांना पाहून रस्ता ओलांडायला लागल्या. भद्रकालीतली ती मावशी तर ओरडलीच, "आता दुसरा बी मिटायला लागले काय, काका!" डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी तीनदा पुढे ढकलली. एकदा उन्हाळ कांदा बाजारात यायचा होता, एकदा पितृपक्ष लागला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "अजून निकाल लागलेला नाही." डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की बिंदू पिकून फार झालाय, आणखी थांबले तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग हा डोळा परत मिळायचा नाही. ताई हिच्याजवळ फोनवर रडल्या. आमच्या घरात ताई रडणं म्हणजे धरण फुटणं. हिने मला चपला घालूनच बाहेर काढलं. "जा. तुमच्या साडूंना समजवा." एरवी ते तिचे भावजी असतात, संकटात माझे साडू होतात.

"काय आहे राव," साडू मला समजावू लागले, "दोन साक्षीदार आहेत. दोघांची जबानी वेगळी. एकाला आधीच काढून टाकलं तर खटला चालणार कसा?"

"अहो, डोळा काढत नाहीत, आतलं भिंग बदलतात."

"तेच ते. खरं कोण बोलतं ते आधी ठरू दे."

ते ठरवायला त्यांनी ताईंची लग्नातली पैठणी कपाटातून काढली. डाव्या डोळ्याने हिरवी. उजव्याने निळी. ताई म्हणाल्या निळीच आहे. ही म्हणाली, छे, आई हिरवीच म्हणायची. मी दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून पाहिली आणि मला काहीच सांगता येईना. मी "वा!" म्हणालो. शेवटी असं ठरलं की जिथे विणली त्या गावाला विचारू. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने येवल्याला निघालो. पैठणी पिशवीत, पिशवी साडूंच्या मांडीवर, आणि साडू खिडकीतून निफाडच्या द्राक्षबागा आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी तपासताहेत.

येवल्यात एका घरात मागावर बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी हातातलं काम थांबवून पैठणी घेतली. नुसती उजेडात धरून हलवली. "बाबा, ह्याच्यात उभा धागा निळा हाय अन् आडवा हिरवा. हलवली का रंग बदलतो. तुम्हाला कोणता दिसला?"

"दोन्ही," साडू म्हणाले.

"मंग बरोबर दिसला की! भांडण कशाचंय?" मग त्यांनी पैठणीची घडी घालत विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"चव्वेचाळीस."

"अन् साडी आज बघितली का? लय सवडीनं बघता, बाबा!"

मागावरच्या दुसऱ्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी तर खूश होतो. दोन्ही साक्षीदार खरे निघाले, खटला निकाली, आता उद्याच ऑपरेशन. पण परतीच्या गाडीत साडूंनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. निफाड आलं तेव्हा पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "साडीसाठी थांबलोच नव्हतो मी, राव."

"मग?"

"पट्टी निघाली त्या दिवशी उजव्या डोळ्यानं आमच्या हिच्याकडे पाहिलं. म्हातारी झालीय हो. गळ्याशी, डोळ्यांखाली. दमलेली दिसली. मला कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाले, "डाव्या डोळ्यात अजून झालेली नाही."

मी द्राक्षबागांकडे बघत राहिलो. वा म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी पोचलो, तर ताई दारातच. "लागला का निकाल?" आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आपण मदत करतोय असं वाटलं की मला थांबता येत नाही. मी सगळं सांगून टाकलं. येवला, धागे, निफाड, उजवा डोळा, डावा डोळा. ताईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे डाव्या डोळ्यात मी तरुण?"

साडू चपलांकडे बघत होते.

"आणि उजव्यात कोण आहे, सवत? या वयात एका घरात दोन-दोन बायका नांदवताय? मग पहाटे उठून भाकऱ्या कोण थापतं, ती तरुण का ही म्हातारी?"

मी हसलो. मी एकटाच हसलो. ताई आत गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊनच बाहेर आल्या. "आठ दिवस देते. त्या डोळ्यानं काय बघायचंय ते बघून घ्या. नवव्या दिवशी ऑपरेशन. बारा वर्षं वांगी काढलीत, टायर काढलंत, घंटागाडी काढलीत. आता मला काढा."

"वांगी कोमेजतात, म्हणून घाई असते," साडू पुटपुटले. "तू कुठे जातेस?"

ताईंनी पेन घेतलं. कॅलेंडरवर नवव्या दिवसाला गोल केला.

ज्या माणसाने पाण्याच्या जाराला चार महिने घेतले, त्याला आठ दुपारी मिळाल्या. ताई पैठणी नेसून स्वयंपाकघराच्या खिडकीत मेथी निवडत बसल्या. साडूंनी उजव्या डोळ्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी मारली. "हलू नको, निळी झालीस." "आता हिरवी, आता अशीच राहा." मेथी तिसऱ्या दिवशी पार झोपली, पण ताईंनी जुडी बदलू दिली नाही. "राहू द्या, हिलाही स्वभाव येईल." आठव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. चित्र अपुरं राहिलं तर हा माणूस आणखी आठ दिवस मागणार, मग आणखी आठ, आणि डोळा काही तितका थांबणार नाही. ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा साडूंनी ब्रश ठेवला आणि म्हणाले, "झालं."

ताई उठून चित्रासमोर आल्या. पैठणीच्या निरीनिरीत निळा आणि हिरवा दोन्ही होते, हलल्यासारखे. हात होते, बांगड्या होत्या, झोपलेली मेथी होती, मागे गॅसचा सिलिंडर आणि त्याची नळीसुद्धा होती. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास.

"अहो, माझं तोंड कुठाय?"

साडूंनी उजव्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली. "ते जुन्या डोळ्याचं काम नाही. दोन्ही नवे आले की काढीन."

"या सुरकुत्यांसकट?"

"जे आहे ते गाळायचं नाही."

ताई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "मग वेळ लागेल."

"लागू दे," साडू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता स्वतःच फाइल काखोटीला मारून दवाखान्यात जाऊन बसले.

डोळा वाचला. महिन्याभराने ते झोळी घेऊन आमच्याकडे आले तेव्हा मी उरलेल्या आकाशासाठी सोफ्यावर वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. ते चित्रापुढे खूप वेळ उभे राहिले. दोन्ही डोळे उघडे. मग हळदीच्या अर्ध्या भागावरून हळूच बोट फिरवलं. "असंच दिसायचं, राव. खोटं नव्हतं ते." वर्तमानपत्रं गोळा केली, घडी घालून मला परत दिली, आणि चहा घेऊन गेले. येणारे-जाणारे विचारतात, हे आकाश असं कसं? मी सांगायला सुरुवात करतो आणि मध्येच माझंच चुकतं.

ताईंच्या चेहऱ्याला आता पाच महिने झालेत. रोज दुपारी दोघं समोरासमोर बसतात. ही फोन करून विचारते, "कुठपर्यंत आलं?" आणि पलीकडून ताईंचा आवाज येतो, "कपाळ झालं गं, आता डोळ्यांखाली चाललंय. तिथे फार काम आहे म्हणे." हल्ली त्या आवाजात तक्रार ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात मी चष्म्याचा नंबर तपासायला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. डोळ्यात बॅटरी मारून म्हणाले, "आता झालात पेशंट. सुरुवात आहे. वर्ष-दोन वर्षं निघतील." घरी अजून सांगितलेलं नाही. दुपारी ही खिडकीपाशी बसून गवार मोडत असते, आणि मी सोफ्यावर, त्या अर्ध्या आकाशाखाली बसून एक डोळा मिटून बघतो, मग दुसरा. अजून तरी दोन्हीत एकच बाई दिसते. काल तिने मान वर केली. "काय बघताय असं?"

"काही नाही," मी म्हणालो. "जरा डावीकडे सरक. सावली पडतेय."